वास, झटका आणि डोपामीन

केळी जरा जास्त पिकली की त्यांच्यावर चिलटं घोंगावू लागतात. त्यांतली शंभरेक एका नळीत भरायची. नळीला आतून तांब्याच्या तारेची जाळी असते आणि तिच्यातून वीज सोडता येते. नळीतून मिनिटभर एका विशिष्ट वासाची हवा खेळवायची आणि त्याच मिनिटात ९० व्होल्टचे बारा छोटे झटके द्यायचे. मग थोडा वेळ स्वच्छ हवा. मग आणखी मिनिटभर दुसऱ्या वासाची हवा, पण या वेळी झटका नाही. एवढं झालं की चिलटांना दोन नळ्यांच्या मधोमध आणून सोडायचं. एकीकडून पहिला वास येत असतो, दुसरीकडून दुसरा. दोन मिनिटं थांबायचं, वाट बंद करायची आणि कोण कुठे गेलं ते मोजायचं. बहुतेक सगळी चिलटं दुसऱ्या नळीत सापडतात. मुळातच एखादा वास आवडीचा असेल, अशी शंका राहू नये म्हणून दुसऱ्या तुकडीत झटक्याचा वास बदलायचा. निकाल तोच येतो.

टिम टली आणि विल्यम क्विन यांनी १९८५ साली ही पद्धत प्रसिद्ध केली तेव्हा झटक्याचा वास टाळणाऱ्या माश्यांचं प्रमाण ९५ टक्क्यांपर्यंत गेलं होतं, आणि शिकलेलं दुसऱ्या दिवशीही पुरतं पुसलं गेलेलं नव्हतं. हे चिलट म्हणजे ड्रॉसोफिला. आंबा-पेरूच्या बागायतदाराला छळते ती फळमाशी निराळी. ती झाडावरच्या फळातच अंडी घालते. आपलं हे बापडं चिलट सडू लागलेल्या फळावरच्या यीस्टवर गुजराण करतं. त्याच्या मेंदूत सगळ्या मिळून सुमारे १,३९,००० चेतापेशी असतात. माणसाच्या मेंदूत त्या अब्जांनी मोजाव्या लागतात. चिलटाचा एवढासा मेंदू ‘हा वास वाईट’ हे एका मिनिटात शिकतो आणि लक्षात ठेवतो. ते नेमकं कशाने आणि कुठे घडतं, हे आज जितकं बारकाईने माहीत आहे तितकं दुसऱ्या क्वचितच एखाद्या प्राण्याच्या स्मरणाबद्दल माहीत असेल.

याची सुरुवात कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत झाली. सेमूर बेंझर हे मुळात भौतिकशास्त्रातले. तिथून ते जीवशास्त्रात आले आणि वागणुकीचेही जनुक शोधता येतील असं त्यांनी मनावर घेतलं. क्विन, विल्यम हॅरिस आणि बेंझर या तिघांनी १९७४ मध्ये चिलटं वास शिकतात हे दाखवून दिलं. त्या वेळचं यंत्र ओबडधोबड होतं आणि परिणामही बेताचाच दिसायचा, पण पुढच्या कामाला तेवढा पुरला. रसायन खाऊ घालून माश्यांच्या जनुकांत बदल घडवायचे, त्यांची पिलावळ वाढवायची, प्रत्येक वंशाची परीक्षा घ्यायची आणि नापास होणारे बाजूला काढायचे, असा तो उद्योग. १९७६ मध्ये पहिला ‘ढ’ वंश जाहीर झाला आणि त्याचं नावही तसंच ठेवलं गेलं, डन्स. पुढे क्विनच्या प्रयोगशाळेने नावांसाठी भाजीबाजारच गाठला. रुटाबागा, टर्निप, रॅडिश, कॅबेज. म्हणजे सलगमाचे दोन प्रकार, मुळा आणि कोबी. ॲम्नेझिॲक नावाच्या वंशाची तऱ्हा आणखी वेगळी होती. त्या माश्या शिकत नीट, पण तासाभरात विसरत.

या सगळ्या माश्यांना वास येत होता, झटका लागत होता, उडता-चालता येत होतं. बिघाड होता तो फक्त दोन गोष्टींची सांगड घालण्यात किंवा ती टिकवण्यात. डन्सचं कोडं १९८१ मध्ये सुटलं. पेशीच्या आत निरोप पोचवणारा सायक्लिक एएमपी नावाचा छोटा रेणू असतो. तो काम झाल्यावर मोडून टाकणारं एन्झाइम डन्समध्ये बिघडलेलं होतं, त्यामुळे हा रेणू साचून राहायचा. तीनेक वर्षांनी रुटाबागाचा उलगडा झाला आणि तो बरोबर उलटा निघाला. तिच्यात तोच रेणू तयार करणारं एन्झाइम नादुरुस्त होतं. रेणू जास्त झाला तरी शिकणं बिघडतं आणि कमी पडला तरी बिघडतं. त्याच सुमारास एरिक कँडेल यांना समुद्रातल्या अप्लिजिया या गोगलगायीच्या शिकण्यातही सायक्लिक एएमपीच सापडत होता. गोगलगाय आणि चिलट यांचा समाईक पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वीचा, तरी शिकण्याचं रसायन एकच. चिलटासारख्या किरकोळ जिवावर आयुष्य काय घालवायचं, असं विचारणाऱ्यांना यापेक्षा चांगलं उत्तर मला सुचत नाही.

आता हे मेंदूत कुठे घडतं? त्यासाठी वासाच्या वाटेने आत जावं लागेल.

चिलटाचं नाक म्हणजे त्याच्या शृंगिका आणि तोंडाजवळचे दोन छोटे अवयव. त्यांच्यावरच्या बारीक केसांत वास टिपणाऱ्या चेतापेशी असतात. त्यांचे पन्नासेक प्रकार आहेत. एका प्रकारच्या सगळ्या पेशींचे तंतू मेंदूतल्या एकाच गोळीवजा पुंजक्यात जाऊन मिळतात. म्हणजे कुठलाही वास आला की या पुंजक्यांपैकी ठरावीक पुंजके जागे होतात, आणि त्यांचा नकाशा हीच त्या वासाची पहिली ओळख. या नकाशाच्या शोधात मुंबईचाही वाटा आहे. ओबेद सिद्दीकी हे होमी भाभांच्या बोलावण्यावरून १९६२ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. पुढे बेंझर यांच्याबरोबर काम करून परतल्यावर त्यांनी कुलाब्यात चिलटांच्या वासाचा आणि चवीचा अभ्यास मांडला. त्यांची विद्यार्थिनी वेरोनिका रॉड्रिग्ज ही मूळच्या गोव्याच्या घरातली, जन्म केनियाचा, पदवी डब्लिनची. ती पीएच.डी.साठी मुंबईला आली. १९७८ मध्ये या दोघांनी वास न ओळखणाऱ्या माश्यांचे वंश वेगळे काढले. पुढे १९८४ मध्ये एरिश बुखनर यांच्यासोबत तिने किरणोत्सारी साखर वापरून कोणत्या वासाला मेंदूतला कोणता भाग काम करतो, ते चित्रात उतरवलं. वास ओळखणारे रेणूच तोवर कुणाला सापडलेले नव्हते. ते सस्तन प्राण्यांत १९९१ मध्ये मिळाले आणि चिलटात १९९९ मध्ये.

पुंजक्यांपासून निरोप दोन ठिकाणी जातो. एक ठिकाण उपजत आवडी-निवडींचं. काही वास चिलटाला जन्मतःच हवेसे असतात, काही नकोसे, त्यांचा निवाडा मुख्यतः तिथे होतो. दुसरं ठिकाण म्हणजे मशरूम बॉडी, अळंबीच्या आकाराची, मेंदूच्या दोन्ही अंगांना एकेक. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ फेलिक्स द्युजार्दँ यांनी ती १८५० मध्ये पहिल्यांदा वर्णिली. मधमाशीसारख्या समूहाने राहणाऱ्या कीटकांत ती मोठी असते हे पाहून त्यांनी तिचा संबंध बुद्धीशी जोडला होता. हा त्यांचा तर्कच होता, पण तो चांगलाच टिकला. डी बेल आणि मार्टिन हायझेनबर्ग यांनी १९९४ मध्ये नुकत्याच बाहेर पडलेल्या अळ्यांना हायड्रॉक्सियुरिया हे औषध खाऊ घातलं. त्याने मशरूम बॉडी तयार करणाऱ्या मूळ पेशीच मरतात. अळ्यांच्या माश्या झाल्या. त्यांना वास येत होता, झटका कळत होता, पण दोन्हींची गाठ काही केल्या बसेना. (हे हायझेनबर्ग म्हणजे अनिश्चिततेच्या तत्त्वाचे जनक वेर्नर हायझेनबर्ग यांचे चिरंजीव.)

मशरूम बॉडीत एकेका बाजूला सुमारे दोन हजार केन्यन पेशी असतात. मधमाशीत त्या बाजूला पावणेदोन लाखांच्या घरात जातात. प्रत्येक केन्यन पेशी सरासरी सातेक तंतूंकडून निरोप घेते आणि त्यातले बरेच एकदम आले तरच उठते. शिवाय प्रत्येक बाजूला एक मोठी पेशी असते. ती गाबा नावाचं शांत करणारं रसायन सोडून साऱ्या केन्यन पेशींना दाबून ठेवते. त्यामुळे कोणताही वास आला तरी दोन हजारांतल्या शंभर-दोनशेच पेशी बोलतात, बाकीच्या गप्प. पुढच्या वासाला वेगळ्या शंभर-दोनशे. ही कंजुषी फार उपयोगाची आहे. दाबणारी पेशी प्रयोगात बंद पाडली तर अगदी भिन्न वास माशीला अजून वेगळे कळतात, पण जवळजवळचे वास एकमेकांत मिसळून जातात.

इथवर वास पुढे नेण्याचा सगळा कारभार ॲसिटिलकोलीन या रसायनावर चालतो. शृंगिकेतल्या पेशी तेच सोडतात, पुंजक्यांपासून निरोप पुढे नेणाऱ्या मधल्या पेशी तेच आणि केन्यन पेशीही तेच. आपल्या मेंदूत हे चेतवण्याचं काम मुख्यतः ग्लुटामेट करतं. ॲसिटिलकोलीन ‘कोणता वास’ एवढं सांगतं. तो चांगला की वाईट, ते सांगणारं रसायन वेगळं आहे, आणि त्याचा पहिला स्पष्ट पुरावा चिलटात नव्हे तर मधमाशीत मिळाला.

मधमाशीला थंड करून निपचित पाडतात आणि एका छोट्या नळीत डोकं तेवढं बाहेर ठेवून बसवतात. शुद्धीवर आल्यावर शृंगिकेला साखरपाणी लावलं की ती सोंड बाहेर काढते. वास देऊन लगेच साखरपाणी, असं दोन-तीनदा केलं की नुसत्या वासालाच सोंड बाहेर येते. बर्लिनमध्ये रांडोल्फ मेंझेल यांच्या प्रयोगशाळेत मार्टिन हामर यांनी अशा मधमाशीच्या मेंदूतल्या एकाच, ओळखता येणाऱ्या चेतापेशीत सुई घातली. ही पेशी गोड चवीला जोरात प्रतिसाद देते आणि तिच्या फांद्या वासाच्या पुंजक्यांत आणि मशरूम बॉडीत पसरलेल्या असतात. हामरने वास दिला आणि साखरेऐवजी फक्त त्या पेशीत वीज सोडली. पुढे तो वास आल्यावर मधमाशीने सोंड काढली. साखर तिला मिळालीच नव्हती. पेशी आधी चेतवून वास नंतर दिला तर मात्र ती काही शिकली नाही. १९९३ चा हा निकाल. ती पेशी ऑक्टोपामीन सोडते. हे रसायन व्हित्तोरियो एर्स्पामेर यांना सर्वात आधी ऑक्टोपसच्या लाळग्रंथीत सापडलं, म्हणून त्याचं नाव तसं पडलं. १९९८ मध्ये हामर आणि मेंझेल यांनी वासाबरोबर थेट ऑक्टोपामीन टोचूनही मधमाशीला शिकवलं.

मग चिलटांवरही असाच प्रयोग झाला आणि २००३ मध्ये फार नीटनेटकं चित्र समोर आलं. डोपामीन सोडणाऱ्या पेशी बंद केल्या तर झटक्याचा धडा शिकता येत नव्हता, साखरेचा येत होता. ऑक्टोपामीन नसलेल्या माश्यांचं नेमकं उलट. शिक्षेचं रसायन एक, बक्षिसाचं दुसरं, असा हिशेब लागला. असा चोख हिशेब दिसला की मला तरी थोडा संशय येतो. हाही फार टिकला नाही. २०१२ मध्ये स्कॉट वॉडेल आणि हिरोमू तानिमोतो यांच्या गटांनी दाखवलं की साखरेचं बक्षीसही शेवटी डोपामीनच पोचवतं. ऑक्टोपामीन त्याच्या आधीच्या पायरीवर, डोपामीनच्या पेशींना जागं करायला असतं.

शिक्षेचंही डोपामीन आणि बक्षिसाचंही डोपामीनच. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत डोपामीनला ‘आनंदाचं संप्रेरक’ म्हणायची पद्धत पडली आहे. चिलटाच्या मेंदूत हा रेणू स्वतः ना आनंदाचा ना दुःखाचा. त्याला अर्थ येतो तो कुठे पडला आणि कधी पडला यावरून.

आधी कुठे ते पाहू. केन्यन पेशींचे लांब तंतू मशरूम बॉडीच्या दांड्यांतून समांतर धावतात आणि वाटेत पंधरा कप्प्यांतून जातात. प्रत्येक कप्प्यात दोन प्रकारच्या पेशी हजर असतात. एक बाहेर निरोप नेणारी, जी माशीला वासाकडे ओढते किंवा वासापासून दूर लोटते. दुसरी डोपामीनची. यांची नेमकी मांडणी योशिनोरी आसो आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या जनेलिया संशोधन केंद्रात उलगडली. दोन हजार केन्यन पेशींचं म्हणणं बाहेर नेणाऱ्या पेशी एका बाजूला फक्त ३४ आहेत. शेतात एकाच पाटाचं पाणी वाफ्यावाफ्यातून फिरतं आणि कोणत्या वाफ्याचं दार उघडं ठेवायचं, कोणतं मातीने बुजवायचं, ते दारं धरणारा माणूस ठरवतो. इथे ते काम डोपामीनच्या पेशी करतात, प्रत्येक कप्प्यात वेगवेगळी.

आणि शिकणं म्हणजे बहुतेक वेळा दार बुजवणंच असतं. न शिकलेल्या माशीत ‘जवळ जा’ म्हणणाऱ्या पेशी आणि ‘दूर पळ’ म्हणणाऱ्या पेशी साधारण समतोल असतात. वासाबरोबर झटका बसला की शिक्षेच्या डोपामीन पेशी ‘जवळ जा’च्या कप्प्यात डोपामीन सोडतात. त्या कप्प्यात त्या वासाच्या केन्यन पेशींचा बाहेरच्या पेशीवरचा जोर ओसरतो. ‘दूर पळ’चा आवाज होता तेवढाच राहतो, पण आता तोच एकटा ऐकू येतो. साखर मिळाली तर दुसऱ्या कप्प्यांत, दुसऱ्या डोपामीन पेशींमुळे, ‘दूर पळ’चा जोर कमी होतो. शिक्षा कळवणाऱ्या पेशींचा मुख्य पुंजका एका बाजूला जेमतेम बारा पेशींचा आहे. गेरो मीझनबॉक यांच्या गटाने २००९ मध्ये तो पुंजका लेझरने चेतवला, झटका अजिबात दिला नाही, आणि माश्या तो वास टाळू लागल्या. कधी न घडलेल्या गोष्टीची आठवण त्यांच्या मेंदूत लिहिली गेली होती.

पाटाची उपमा मात्र इथे तुटते. डोपामीन कप्प्यात सांडतं ते सगळ्याच तंतूंवर सांडतं, आणि दार मात्र एकाच वासाचं बंद होतं. दुसऱ्या वासांच्या तंतूंना काही होत नाही. हे कसं साधतं, त्याचं उत्तर त्या नापास रुटाबागाकडे आहे. तिच्यात बिघडलेलं एन्झाइम दोन खुणा एकदम मिळाल्या तरच जोरात काम करतं. पहिली खूण कॅल्शियमची. वासामुळे केन्यन पेशी बोलू लागली की तिच्यात कॅल्शियम वाढतं. दुसरी खूण डोपामीन टिपणाऱ्या रेणूकडून, म्हणजे त्याच्या रिसेप्टरकडून येते. गप्प बसलेल्या पेशीवर डोपामीन पडलं तर एकच खूण मिळते. वास आला आणि झटका बसला नाही तरीही एकच. दोन्ही जमल्या की सायक्लिक एएमपी उसळतो आणि त्याच पेशीचा बाहेरच्या पेशीशी असलेला त्याच कप्प्यातला सांधा ढिला पडतो. सत्तरच्या दशकात भाज्यांची नावं दिलेल्या माश्यांचा आणि मशरूम बॉडीच्या नकाशाचा धागा असा एका एन्झाइमपाशी येऊन जुळला.

आता कधी. तानिमोतो यांनी २००४ मध्ये क्रम उलटा करून पाहिला. आधी झटका, तो थांबल्यावर वास. माश्या तो वास टाळण्याऐवजी त्याच्याकडे जाऊ लागल्या. संकट संपताना आलेला वास सुटकेची खूण ठरला. यामागचं यंत्र २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात वनेसा रूटा यांच्या गटाने उकललं. केन्यन पेशींवर डोपामीनचे दोन रिसेप्टर असतात. वास आधी आला तर पहिला सायक्लिक एएमपी वाढवतो आणि सांधा ढिला होतो. डोपामीन आधी आलं तर दुसरा पेशीतल्याच साठ्यातून कॅल्शियम सोडतो आणि सांधा घट्ट होतो. काही सेकंदांच्या फरकाने अर्थ पालटतो.

हाच दुसरा रिसेप्टर विसरण्यातही हात घालतो. रॉनल्ड डेव्हिस यांच्या फ्लोरिडातल्या प्रयोगशाळेने २०१२ मध्ये दाखवलं की धडा संपल्यावरही डोपामीनच्या काही पेशी थोडं थोडं डोपामीन सोडत राहतात आणि त्याने आठवण झिजते. त्या पेशी बंद केल्या तर आठवण जास्त टिकते. पुढच्या कामात असंही दिसलं की माशी झोपली की ही गळती मंदावते.

टिकाऊ आठवणीची गोष्ट निराळी. झटक्याचे दहा धडे एकापाठोपाठ दिले तर आठवण काही दिवसांत विरते. तेच दहा धडे मध्ये पंधरा-पंधरा मिनिटांची विश्रांती देऊन दिले तर ती आठवडाभर राहते, आणि त्यासाठी पेशीला नवी प्रथिनं घडवावी लागतात. परीक्षेच्या आदल्या रात्री पाठांतराला बसणाऱ्यांनी वाटल्यास याकडे दुर्लक्ष करावं. प्रथिनं घडवायला ऊर्जा लागते, आणि तिची किंमत खरोखरच मोजावी लागते. मेरी आणि काव्हेत्स्की यांनी २००५ मध्ये अशी टिकाऊ आठवण घडवलेल्या माश्यांना अन्नपाण्याविना ठेवलं, तर त्या इतरांपेक्षा लवकर मेल्या. पॅरिसमध्ये प्लासे आणि प्रेआ यांना २०१३ मध्ये आढळलं की उपाशी माशीचा मेंदू झटक्याची महागडी आठवण घडवणं आपणहून थांबवतो. भुकेल्या माशीत साखरेची आठवण मात्र उलट वर येते. पोट भरलेलं असताना डोपामीनच्याच आणखी काही पेशी तिला दाबून ठेवतात.

आणि एक रसायन बाहेरून येतं, शेतातून. इमिडाक्लोप्रिड, थायामेथॉक्झाम यांसारखी निओनिकोटिनॉइड कीटकनाशकं कीटकाच्या ॲसिटिलकोलीन रिसेप्टरला चिकटतात. वासाची शृंगिकेपासून मशरूम बॉडीपर्यंतची सगळी वाट त्याच रिसेप्टरांवर चालते. डोपामीनला कप्पा ठरलेला असतो, वेळ ठरलेली असते. या औषधाला दोन्ही नसतात, ते सगळीकडे एकदम पोचतं. जास्त मात्रेत कीटक मरतो. कमी मात्रेत तो जिवंत राहतो, पण मधमाश्यांचं वास शिकणं आणि लक्षात ठेवणं बिघडतं, हे सोंडेच्या प्रयोगांत अनेकदा दिसलं आहे. २०१२ मध्ये फ्रान्समध्ये मिकाएल आंरी यांच्या गटाने मधमाश्यांच्या पाठीवर बारीक चिपा चिकटवल्या, त्यांना साखरपाण्यातून थायामेथॉक्झामची न मारणारी मात्रा दिली आणि पोळ्यापासून दूर सोडलं. औषध न दिलेल्यांच्या मानाने घरी न परतणाऱ्यांची संख्या वाढली. आपल्याकडे कपाशीचं बियाणं बरेचदा इमिडाक्लोप्रिडची बीजप्रक्रिया करूनच पाकिटात येतं. मावा, तुडतुडे आणि फुलकिडे यांच्यापासून कोवळं रोप वाचावं हा त्यामागचा हेतू. युरोपीय संघाने २०१८ मध्ये इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायामेथॉक्झाम या तिन्हींच्या उघड्या शेतातल्या वापरावर मधमाश्यांसाठी बंदी घातली. कायमस्वरूपी काचगृहांना त्यातून वगळण्यात आलं.